काट्याचा नायटा

मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी वाई सोडली की पसरणी घाटात काय वाढून ठेवलंय, हे पाचगणीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. चार वळणं चढून होतात न होतात तोच गाड्यांची रांग लागते. खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं, पण ते पाहायचं भान कुणालाच नसतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची सुट्टी त्या रांगेत जाते. त्याच रांगेत वाईच्या दवाखान्यातून आईला घरी घेऊन चाललेला मुलगा असतो, भाजीचा टेम्पो असतो, आणि हॉटेलात अकराच्या पाळीला पोचायचं असलेली एखादी बाईही असते. ती पाऊण तास उशिरा पोचते. मुकादम चार शब्द ऐकवतो. ती गप्प राहते, कारण नोकरी हवी असते. संध्याकाळी घरी आल्यावर मुलगा म्हणतो, “आई, माझी पेन्सिल सापडत नाहीये.” आणि ती त्याच्यावर अशी ओरडते, की पोराला आपलं काय चुकलं तेच कळत नाही.

पेन्सिलीचा यात काहीच दोष नसतो. सकाळी घाटात रुतलेला काटा संध्याकाळी घरात ठणकत असतो.

मग जून येतो, आणि त्रासाचं रूप बदलतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून अठरा-एकोणीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याच्या साधारण एक-तृतीयांशच पडतो. तरीही तो पुरून उरतो. धुकं खिडकीतून थेट घरात येतं. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, चपलांवर बुरशी धरते, पापड सादळतात, आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळी वीज जाते. यातलं एकही संकट नव्हे. कुणी भेटायला येऊन “कसे आहात?” म्हणावं असं यात काहीच नाही. पण चार महिन्यांनी माणूस खरोखर थकलेला असतो.

या थकव्याविषयी आपल्याकडे एक कठोर म्हण आहे : रोज मरे त्याला कोण रडे. मोठ्या दुःखाची आपल्या समाजात व्यवस्था लावलेली आहे. घरात मृत्यू झाला तर शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, नातेवाईक येऊन बसतात, कामावर रजा मिळते, तेराव्या दिवसापर्यंत माणूस एकटा पडत नाही. रोजच्या कटकटीला ना रजा, ना सांत्वन. उलट “एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास?” असं ऐकून घ्यावं लागतं. मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, कारण ‘एवढीशी गोष्ट’ एवढीशी नसते असं मानसशास्त्राने आता बऱ्यापैकी दाखवून दिलं आहे. ती हाताळायची एक रीत पाचगणीतल्याच एका टेकाडावर गेली पन्नासहून अधिक वर्षं शिकवली जाते. ती रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे.

लहान त्रासांचा मोठा हिशेब

ताण मोजायचा म्हणजे मोठ्या घटना मोजायच्या, अशी एके काळी समजूत होती. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी संशोधकांनी ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला शंभर, मग घटस्फोट, तुरुंगवास, आजारपण, नोकरी जाणं अशी ती उतरंड होती. जितके गुण जास्त, तितकी आजाराची शक्यता जास्त, असा त्यामागचा विचार.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी वेगळी यादी केली : ११७ किरकोळ त्रासांची. वस्तू जागेवर न सापडणं, महागाई, घराची डागडुजी, हातात असलेल्या वेळापेक्षा जास्त कामं. शंभर मध्यमवयीन माणसांनी सलग नऊ महिने ही यादी भरून दिली. १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणसाची मानसिक अवस्था कशी असेल याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या रोजच्या त्रासांवरून अधिक चांगला बांधता येत होता. मोठ्या घटनांचा परिणामही पुष्कळदा लहान त्रासांच्या वाटेनेच पोचतो. नवरा गेल्यावर दुःख असतंच. पण बँकेत कुठे सही करायची, गॅसचा नंबर कुणाच्या नावावर आहे, मुलाच्या शाळेत पालक म्हणून कोण जाणार, हे रोजचे प्रश्न त्या दुःखाला दिवसातून दहा वेळा जागं करतात.

पुढचा प्रश्न असा, की त्रास सगळ्यांनाच होतो, मग काही जणच का खचतात? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सातशेहून अधिक माणसांना सलग आठ दिवस संध्याकाळी विचारलं गेलं : आज काय त्रास झाला, आणि मन कसं आहे? दहा वर्षांनी त्याच माणसांची मानसिक प्रकृती पुन्हा तपासली. ज्यांचं मन त्रासाच्या दिवशी फार ढवळून निघत होतं, त्यांच्यात दहा वर्षांनी नैराश्य किंवा चिंतेच्या तक्रारी अधिक आढळल्या. त्रासापाठोपाठ मनात जे उसळतं, त्याचा माग दहा वर्षांनीही लागत होता.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. कटकट ‘मागे लागते’, म्हणजे ती बाहेरून येते. वैताग मात्र आपल्याला ‘येतो’. तो आत उगवतो. कटकटीचा वैताग होतो तेव्हा मधे काय घडतं, तिथे सगळं पाहण्यासारखं आहे.

मधे काय घडतं

पहिली गोष्ट ताब्याची. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबत फार बोलके आहेत. लोकांना कर्कश, केव्हाही सुरू होणारा आवाज ऐकवला. काही जणांसमोर एक बटण ठेवलं आणि सांगितलं : फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल; पण शक्यतो दाबू नका. त्यांनी ते दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी आवाज तेवढाच ऐकला. नंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. बटण नसलेल्यांनी लवकर नाद सोडला. बटण असलेले कितीतरी अधिक वेळा प्रयत्न करत राहिले. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्या जाणिवेनेच त्यांची उमेद टिकली होती.

घाटातली रांग आणि अचानक गेलेली वीज यांत नेमकं हेच बटण नसतं. किती वेळ लागेल ते कळत नाही, आणि कळलं तरी काही करता येत नाही. अशा वेळी शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल रक्तात उतरतात. वाघापासून पळायला ही तयारी उपयोगी होती. स्टेअरिंगमागे बसल्या जागी तिचा काही उपयोग नाही, म्हणून ती अंगातच राहते आणि घरी पेन्सिलीवर निघते.

दुसरी गोष्ट आपल्या मागणीची. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती मराठी वाचकांना परिचित आहे. एलिस यांचं सांगणं असं, की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि बहुतेकदा ती हट्टाची असते. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो : ‘च’. रस्ता मोकळा असावा ही इच्छा झाली. रस्ता मोकळा असलाच पाहिजे, ही मागणी झाली. साहेबांनी नीट बोलावं ही इच्छा. त्यांनी नीट बोललंच पाहिजे, ही मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो आणि पुढचा मार्ग शोधतो. मागणी पुरी झाली नाही तर तो पेटतो, कारण त्याच्या लेखी जगाने नियम मोडलेला असतो. एखाद्या चिडक्या दिवशी आपल्या मनातली वाक्यं ऐकून पाहावीत. त्यांत ‘च’ किती वेळा येतो ते ऐकून आपण चकित होतो.

तिसरी गोष्ट चघळण्याची. मुकादम दोन मिनिटं बोलला. पण ते बोलणं मनात दिवसभर चाललं. “मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं,” हे वाक्य जितक्या वेळा फिरतं तितक्या वेळा शरीर तोच प्रसंग नव्याने भोगतं. सुसान नोलन-होक्सेमा यांनी या चघळण्याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि नैराश्याशी त्याचं जवळचं नातं असल्याचं दाखवलं. काटा निघाला नाही आणि बोट सारखं तिथेच जात राहिलं, की नायटा व्हायला वेळ लागत नाही.

यावर “राग एकदाचा काढून टाक, मोकळा होशील” असा सल्ला घरोघरी दिला जातो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली तो तपासून पाहिला. चिडवलेल्या माणसांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं दोन मिनिटं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट वाढला. शांत बसलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता.

सहा पत्रं

आता पाचगणीच्या त्या टेकाडाकडे येऊ. पाचगणी फार पूर्वीपासून माणसं सावरण्याची जागा आहे. जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात इथे वस्ती आणि सिल्व्हर ओक वाढवले. क्षयरोग्यांसाठी डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये इथे आरोग्यधाम काढलं, तेच पुढचं बेल-एअर. आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटलेले गांधीजी १९४४ च्या जुलैत, कस्तुरबा आणि महादेवभाई या दोघांनाही त्या कैदेत गमावून, इथे विश्रांतीला आले होते. त्यांचे नातू राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६८ साली इथे ‘एशिया प्लॅटू’ हे केंद्र सुरू झालं. कारखान्यांतले कामगार आणि व्यवस्थापक, शिक्षक, सरकारी अधिकारी, विद्यार्थी तिथे काही दिवस राहायला येतात. ज्या चळवळीतून ते उभं राहिलं ती ‘मॉरल रिआर्मामेंट’, आजची ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’. आणि या चळवळीच्या मुळाशी एक अगदी साधी, कुठल्याही कचेरीत घडू शकेल अशी कुरबुर आहे.

फ्रँक बुकमन हा अमेरिकी धर्मोपदेशक फिलाडेल्फियात गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत होता. खर्चावरून त्याचं संचालक मंडळातल्या सहा जणांशी बिनसलं. मुलांच्या जेवणात काटकसर करा, असा त्यांचा आग्रह होता. बुकमनने राजीनामा दिला आणि मनात अढी धरून बसला. प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टरांनी प्रवासाला धाडलं, पण अढीही बरोबर गेली. १९०८ साली इंग्लंडमधल्या केसविक गावी एका लहानशा प्रार्थनाघरात बसलेला असताना त्याला लख्ख जाणवलं, की त्या सहा जणांचं चुकलं असेलही, पण वर्षभर द्वेष जोपासणारा सातवा आपण आहोत. त्याने सहाही जणांना पत्रं लिहिली. तुमचं चुकलं होतं असं त्यांत एका शब्दाने म्हटलं नाही. आपण मनात वाईट धरलं याची तेवढी माफी मागितली. एकाचंही उत्तर आलं नाही, असं तो पुढे सांगत असे. पण त्याचं ओझं उतरलं होतं.

या प्रसंगातून एक साधी रीत तयार झाली : रोज सकाळी काही वेळ शांत बसायचं, वहीत मनात येईल ते लिहायचं, सचोटी, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर आपलं वागणं लावून पाहायचं, आणि जे दुरुस्त करता येईल ते त्याच दिवशी करायचं. एशिया प्लॅटूवर आजही ही शांत वेळ पाळली जाते. दर सोमवारी मौन पाळणाऱ्या गांधीजींच्या देशात ही कल्पना परकी वाटण्याचं कारण नाही. बुकमनच्या याच वर्तुळातून १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे दारूचं व्यसन सोडू पाहणाऱ्यांचं संघटन उभं राहिलं. आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं आणि शक्य तिथे भरपाई करणं, हे त्यांच्या बारा पायऱ्यांमधले टप्पे त्याच मुशीतले आहेत.

श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या रीतीत मानसशास्त्राला पटेल असं बरंच आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या मनातल्या खोल दुखण्याविषयी लिहायला लावलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफक निघाला, त्यामुळे लिहिणं हा रामबाण उपाय नव्हे. पण पेनेबेकर यांना एक मोलाची गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. तीच तक्रार चार दिवस तशीच उतरवणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. चघळणं आणि उलगडणं यांतला फरक इथे आहे. चघळताना विचार घाण्याच्या बैलासारखा फिरतो. कागदावर एक वाक्य लिहून झालं की पुढचं लिहावंच लागतं.

सगळा दोष मनाचा नव्हे

इथे मला एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हे सगळं वाचून कुणी त्या हॉटेलातल्या बाईला “तुझ्या मनातला ‘च’ काढून टाक” असं सांगू लागला, तर तो अन्याय होईल. वेळेवर न मिळणारा पगार, अपमान करणारा वरिष्ठ, घरात सगळ्यांचं करून उरलेल्या वेळात जगणारी सून, पाण्यासाठी पहाटे उठणारं घर, यांचे त्रास खरे आहेत आणि ते बाहेर आहेत. ज्याचा छळ होतो त्याच्याकडून माफीची पत्रं लिहून घेणं म्हणजे शांती नव्हे. बुकमनने माफी मागितली ती स्वतःच्या द्वेषाची. मुलांना पोटभर जेवायला मिळालं पाहिजे, हे म्हणणं मागे घेतलं नाही.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारावी. एका बाजूला या त्रासातला माझा भाग, दुसऱ्या बाजूला बाहेरचा भाग. माझ्या भागाला दुरुस्ती लागते. बाहेरच्या भागाला उपाय, आणि पुष्कळदा तो एकट्याने होत नाही. पाचगणीत याचंही उदाहरण आहे. गावचा कचरा वर्षानुवर्षं ज्या डेपोवर साचत होता ती जागा नगरपालिकेने आणि नागरिकांनी मिळून साफ केली. ओला-सुका कचरा घराघरांत वेगळा होऊ लागला, आणि जिथे नाक दाबून जावं लागे तिथे आज ‘स्वच्छ भारत पॉइंट’ म्हणून लोक बघायला येतात. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशाच्या पश्चिम विभागातल्या लहान शहरांमध्ये पाचगणीला पहिला मान मिळाला. दुर्गंधी सहन करायला शिकणं हा त्यावरचा उपाय नव्हता. तक्रार प्रत्येकाच्या मनात एकटी होती, ती चारचौघांत आली तेव्हा तिचं काम झालं.

मनाची बेगमी

आणि जो त्रास नक्की येणार आहे, त्याचं काय? पावसाळा कुणाच्या लिहिण्याने टळत नाही. त्यासाठी आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे : बेगमी. महाबळेश्वरच्या बाजूला पूर्वी पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवताचे पडदे बांधत. सरपण, धान्य, कडधान्य भरून ठेवत. ढग आल्यावर कुणी धावाधाव करत नसे, कारण विचार आधीच झालेला असे.

पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने मनाच्या बाबतीत हेच सांगितलं. त्यांनी ‘जर-तर’ बेताची कल्पना मांडली. “मी चिडणार नाही” असा नुसता संकल्प टिकत नाही. “जर रांगेत अडकलो, तर आधी फोन करून उशीर होईल असं कळवीन”, “जर घरी पोचताना डोकं तापलेलं असेल, तर चप्पल काढल्यावर तोंडावर पाणी मारीन आणि मगच मुलाशी बोलेन,” असा नेमका बेत आधी ठरलेला असेल, तर तो ऐन वेळी पुष्कळसा आपोआप घडतो. २००६ साली ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही अशा बेताचा परिणाम चांगलाच भरीव दिसला. ग्लास आणि सिंगर यांच्या प्रयोगातलं ते बटण असं आपल्याला स्वतःच बसवून घेता येतं.

लाझारस यांच्या गटाने त्रासांच्या यादीबरोबर आणखी एक यादी केली होती : मन उचलून धरणाऱ्या १३५ लहान गोष्टींची. बेगमीत त्यांनाही जागा हवी. दिवस कितीही वाईट गेला तरी टेबललँडवरून दिसणारं कृष्णेचं खोरं तिथेच असतं, आणि शेजारणीबरोबर घेतलेल्या चहाला दहाच मिनिटं लागतात. रोजचे त्रास साचून मोठे होतात, तसा हा ओलावाही साचतो.

पुन्हा त्या घरात जाऊ. रात्र झाली आहे. पोरगं रुसून झोपलं आहे. घाटातली रांग पुढच्या शनिवारीही लागणार आहे; मुकादमाच्या बोलण्याबद्दल बरोबरीच्या बायकांशी बोलावं लागेल, ते उद्या. पण पेन्सिलीचा हिशेब आजचा आहे आणि तो तिच्या हातात आहे. सकाळी डबा भरताना तिने एवढंच म्हणावं, “काल मी उगीच ओरडले रे. तुझं काही चुकलं नव्हतं.” बुकमनला सहा पत्रांचं एकही उत्तर आलं नाही. तिला मात्र, बहुतेक, लगेच मिळेल.